इमारतीत राहून वाजवण्यासाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प : निवड कशी करावी?

जास्वंदी :

नमस्कार. मी रत्नागिरीत राहते आणि अनेक वर्षांपासून अकॉस्टिक गिटार वाजवते. बार कॉर्ड्स, बोटांनी तारा छेडणे वगैरे गोष्टींत हात बऱ्यापैकी बसलेला आहे. आता इलेक्ट्रिक गिटार घ्यायचे मनावर घेतले आहे, कारण सत्तरच्या दशकातील हिंदी गाण्यांमधले गिटारचे छोटे छोटे तुकडे मला शिकायचे आहेत आणि तार खेचून काढायची मींड अकॉस्टिकच्या जाड तारांवर मनासारखी उतरत नाही. मला प्रामुख्याने स्वच्छ, गोलसर आवाज हवा आहे. अधूनमधून हलका ओव्हरड्राइव्हही (किंचित फाटलेला आवाज) लागेल. मेटल संगीताकडे माझा ओढा नाही.

गिटार, अ‍ॅम्प, केबल आणि बॅग हे सगळे धरून ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आम्ही एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे, आणि मला वाजवायला निवांत वेळ मिळतो तो रात्रीची जेवणे आटोपल्यावरच. गणेशोत्सवातील कार्यक्रमात कधीतरी स्टेजवरही वाजवावे लागेल.

एका दुकानदाराने फोनवर सांगितले की गिटारवर ४५ हजार घाला, उरलेल्या पैशांत कुठलाही लहान अ‍ॅम्प चालेल. दुसऱ्याचे म्हणणे, अ‍ॅम्प १०० वॉटचा असल्याशिवाय स्टेजवर निभाव लागणार नाही. तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपचा सिंगल कॉइल हा प्रकार घ्यावा की हंबकर, याबद्दलही जितकी तोंडे तितकी मते ऐकली. माझ्या पसंतीच्या काही गिटारींचा फ्रेटबोर्ड (बोटे ठेवायची पट्टी) इंडियन लॉरेल या लाकडाचा आहे आणि ते हलक्या दर्जाचे समजले जाते असे वाचनात आले. आमच्याकडच्या पावसाळ्यात ते टिकेल का? न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ दिवाळीत येणार आहे; तो तिकडून अ‍ॅम्प आणायला तयार आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

षड्जपंचम :

जास्वंदीताई, मी अ‍ॅम्पपासून सुरुवात करतो, कारण दुकानात हा विषय सर्वांत शेवटी आणि घाईघाईने उरकला जातो. अकॉस्टिकमध्ये लाकडी पोकळी जे काम करते ते इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव शरीरात होत नाही. तारेच्या कंपनामुळे पिकअपमध्ये अत्यंत क्षीण विद्युतसंकेत तयार होतो. तो ऐकू येण्याजोगा होतो अ‍ॅम्पमध्ये, आणि त्याला रंगरूप मिळते तेही बव्हंशी तिथेच. गिटारसाठी बनवलेला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर झपाट्याने गाळून टाकतो, म्हणूनच ओव्हरड्राइव्हचा आवाज कानाला गोड लागतो. तोच ओव्हरड्राइव्ह होम थिएटरच्या किंवा ब्लूटूथच्या स्पीकरमधून ऐकला, तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाटतो. त्यामुळे महागडी गिटार आणि हाताला लागेल तो अ‍ॅम्प हा सल्ला मला अजिबात पटत नाही. चांगल्या अ‍ॅम्पवर साधी गिटार समाधान देते. निकृष्ट अ‍ॅम्पवर मात्र उत्तम गिटारसुद्धा केविलवाणी वाजते. पाच-सहा हजार रुपये केबल, बॅग, तारा आणि सेटअपसाठी बाजूला काढावेत आणि उरलेली रक्कम गिटार व अ‍ॅम्प यांत जवळजवळ निम्मी-निम्मी वाटावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वॉटचा मुद्दा. वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, हा समज खरा नाही. ताकद दुप्पट केल्यावर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट ताकद लागते. गिटारच्या बारा इंची स्पीकरला अवघा एक वॉट दिला तरी एक मीटर अंतरावर तो साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज देतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सहा या वेळेत, ४५ डेसिबल आहे. आपल्या दिवाणखान्यात एक वॉटसुद्धा जास्तच होतो, हे यावरून ध्यानात यावे. स्टेजसाठी १०० वॉट लागतात हेही खरे नाही, कारण हल्ली अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून किंवा अ‍ॅम्पच्या लाइन आउटमधून केबल काढून आवाज मिक्सरला दिला जातो आणि श्रोत्यांपर्यंत तो मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधून पोहोचतो. स्टेजवरचा अ‍ॅम्प तुम्हाला आणि शेजारी उभ्या असलेल्या तबलजींना ऐकू आला म्हणजे पुरे.

ट्यूब अ‍ॅम्पबद्दल पुष्कळ ऐकले असेल. त्यात काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजे ट्यूब, आवाज वाढवतात आणि तो आवाज सुंदर असतो, याबद्दल वाद नाही. पण त्याच्या गोडव्याचा मोठा भाग आउटपुट ट्यूबवर ताण आल्यावर मिळतो आणि त्यासाठी १५ वॉटचा अ‍ॅम्पसुद्धा अशा पातळीला न्यावा लागतो की शेजारी दार वाजवतील. शिवाय ट्यूब झिजतात आणि बदलाव्या लागतात. स्वच्छ आवाज ट्यूबशिवाय निघतच नाही, ही समजूत तर रोलंडच्या जॅझ कोरस १२० या अ‍ॅम्पनेच खोटी ठरवली आहे. १९७५ मध्ये आलेल्या त्या अ‍ॅम्पमध्ये एकही ट्यूब नाही, तरी स्वच्छ आवाजासाठी आजही त्याचेच नाव घेतले जाते.

आपल्या परिस्थितीत निरनिराळ्या आवाजांची संगणकीय नक्कल करणारा डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. बॉसच्या कटाना मालिकेतला ५० वॉटचा अ‍ॅम्प पाहावा. त्यात बारा इंची स्पीकर आहे, हेडफोनची सोय आहे आणि ताकद अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणता येते. फेंडरचा मस्टँग एलटी २५ त्याहून लहान, आठ इंची स्पीकरचा आहे. स्टेजचा विचार बाजूला ठेवला तर यामाहाचा टीएचआर १० टेबलावर ठेवून हळू आवाजात वाजवण्यासाठी फार छान आहे, कारण तो त्याच हेतूने बनवलेला आहे. यांतला कोणताही घेतला तरी हेडफोन मात्र वायरचेच वापरावेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज इतका उशिरा पोहोचतो की तार छेडणे आणि स्वर ऐकू येणे यांत स्पष्ट अंतर पडते आणि लय सांभाळता येत नाही.

दुकानात अ‍ॅम्प ऐकताना विक्रेता बहुधा रिव्हर्ब, डिले आणि कोरस चढवून ठेवलेला तयार आवाज ऐकवतो. त्याला हे सर्व इफेक्ट शून्यावर आणायला सांगावे, बास, मिडल आणि ट्रेबल मधोमध ठेवावेत आणि व्हॉल्यूम इतका कमी करावा की बाजूला कोणी नेहमीच्या आवाजात बोलले तरी ऐकू यावे. मग एकच कॉर्ड वाजवून ती पूर्ण विरेपर्यंत ऐकावी. इतक्या कमी आवाजात जो अ‍ॅम्प भरलेला वाटतो, तोच तुमच्या घरी रोज वाजेल.

मेघमल्हार :

अ‍ॅम्पबद्दल षड्जपंचम यांनी लिहिलेल्याशी मी सहमत आहे, म्हणून फक्त गिटारविषयी लिहिते.

जो आवाज आपल्या कानात आहे, त्यासाठी सिंगल कॉइल पिकअप जवळचा आहे. १९५१ ची टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या फेंडरच्या दोन्ही गिटारींची ओळख त्याच पिकअपच्या मोकळ्या, टणक आवाजावर उभी आहे. त्याचा दोष असा की तो घरातल्या विजेची घरघर सहज उचलतो. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळलेल्या आणि उलट ध्रुवांच्या चुंबकांवर बसवलेल्या असतात. त्यामुळे तारेचा संकेत जुळून वाढतो आणि बाहेरून आलेली घरघर परस्पर नाहीशी होते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तो सिद्ध केला. त्याचा आवाज अधिक भरदार आणि किंचित झाकलेला असतो. आपल्याला दोन्हींची गरज दिसते, म्हणून ब्रिजजवळ (तारा शरीरावर जिथे बसवतात तिथे) हंबकर आणि उरलेले दोन सिंगल कॉइल अशी रचना असलेली गिटार घ्यावी. यामाहाची पॅसिफिका ११२ व्ही या रचनेची आहे आणि तिच्यात टोनचे बटण वर ओढले की हंबकरची एक कॉइल बंद होते. स्क्वायरच्या अ‍ॅफिनिटी मालिकेतील स्ट्रॅटोकास्टरही त्याच वेळी वाजवून पाहाव्यात. गोलसर आवाजासाठी नेकजवळचा (गिटारच्या मानेजवळचा) पिकअप निवडावा आणि टोनचे बटण थोडे मागे घ्यावे.

आपण अकॉस्टिककडून येत आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. अकॉस्टिकवर पहिली तार साधारण बारा सहस्रांश इंच जाडीची असते, इलेक्ट्रिकवर ती नऊ किंवा दहाची असते. इतकी वर्षे कमावलेला हाताचा जोर या बारीक तारांवर पडला की स्वर वर चढतो आणि गिटार बेसूर आहे असे वाटू लागते. दुकानात पहिल्या काही मिनिटांत गिटार नापसंत करण्याचे हे फार मोठे कारण आहे. बोट अलगद ठेवून पुन्हा वाजवावे आणि मगच निर्णय घ्यावा. मींडेसाठी नऊची तार सोयीची पडेल. फेंडर पद्धतीच्या गिटारींची तार ६४८ मिलिमीटर आणि गिब्सन पद्धतीच्या गिटारींची साधारण ६२८ मिलिमीटर लांब असते. तीच जाडी आणि तोच स्वर असला तर लांब तारेवर ताण जास्त येतो, त्यामुळे बोटांना त्रास होत असेल तर आखूड लांबीची गिटारही हातात घेऊन पाहावी.

गिटार शक्यतो ऑनलाइन मागवू नये. मुंबईला जाणे होणार असेल तर धोबीतलावला फुर्टाडोज आहे. हे दुकान १८६५ पासूनचे आहे. पुणे किंवा कोल्हापूर सोयीचे असेल तर तिथेही चालेल, मात्र एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी समोर ठेवायला सांगाव्यात, कारण या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत बराच फरक आढळतो. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात सावकाश फिरवावा. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके टोचत असतील तर ती गिटार बाजूला ठेवावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा दाबून वाजवावा. मग पहिली तार बाराव्या ते पंधराव्या फ्रेटच्या दरम्यान एक पूर्ण स्वर वर खेचावी. स्वर मध्येच गुदमरला तर फ्रेट समतल नाहीत किंवा तारा फारच खाली बसवल्या आहेत असे समजावे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. हा फरक ब्रिजवरच्या स्क्रूने दुरुस्त होतो, म्हणून तेवढ्यासाठी गिटार नाकारू नये, दुकानातच ठीक करून घ्यावी. बटणे फिरवताना आणि पिकअपचा स्विच बदलताना खरखर येते का, तेही ऐकावे. फ्लॉइड रोझ पद्धतीचा, तारा दोन्ही टोकांना घट्ट आवळून धरणारा ब्रिज असलेली गिटार मात्र सध्या टाळावी, कारण तिच्या तारा बदलणे आणि सूर जुळवणे हे सवय होईपर्यंत जिकिरीचे काम असते.

लाकडाची चिंता करू नये. इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन, आणि तो किती कणखर असतो हे कोकणात कोणाला सांगायला नको. शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले तेव्हा गिटार कंपन्या अशा पर्यायी लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, तरी स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींवर लॉरेल टिकून राहिले. भरीव गिटारच्या आवाजात फ्रेटबोर्डच्या लाकडाचा वाटा पिकअप आणि स्पीकर यांच्या तुलनेत नगण्य आहे.

पावसाळ्यात खरे नुकसान होते ते तारांचे. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी. गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून किंवा त्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नये; बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. दमट हवेत लाकूड फुगून नेकचा बाक बदलतो आणि तारा उचलल्यासारख्या वाटतात. नेकच्या आतली धातूची सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवून तो बाक ठीक करतात, पण पहिल्यांदा हे काम जाणकाराकडून समोर बसून शिकून घ्यावे. विदर्भात याच्या नेमके उलट घडते, उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बाहेर येतात.

जास्वंदी :

दोघांचेही मनापासून आभार. पॅसिफिका आणि कटाना या दोन्ही गोष्टी मुंबईला जाऊन प्रत्यक्ष पाहायचे नक्की केले आहे. एक शंका उरली. इमारत जुनी असल्यामुळे आमच्या दिवाणखान्यातल्या तीन पिनच्या प्लगला अर्थिंग जोडलेले आहे की नाही, याची मला खात्री नाही. त्याचा अ‍ॅम्पशी काही संबंध येतो का? आणि मावसभावाला अ‍ॅम्प आणायला सांगू की नको?

विद्युतवाही :

संबंध येतो, आणि तो केवळ घरघरीपुरता नाही, तर आपल्या जिवाशी आहे. विजेच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून हे तपशिलाने लिहितो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून जाणाऱ्या एका वायरने केबलच्या जाळीला, जाळी अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला आणि सांगाडा प्लगच्या जाड पिनमार्फत अर्थिंगला जोडलेला असतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते ती या जोडणीमुळेच, आणि ते अगदी योग्य आहे. परंतु अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड झाला, तर तीच वाट उलटी होते आणि सांगाड्यावर आलेली वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोहोचते. म्हणून गिटार घरात येण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. दोन पिनच्या अ‍ॅडॉप्टरवर किंवा जाड पिन काढून टाकलेल्या प्लगवर अ‍ॅम्प कधीही चालवू नये, मग घरघर कितीही कमी होवो.

उत्सवाच्या स्टेजवर तर याहून अधिक सावध राहावे. तिथे अ‍ॅम्प एका लाइनवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या लाइनवर किंवा जनरेटरवर असतो. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर हातात गिटारच्या तारा आणि ओठांशी माइक अशा अवस्थेत विजेचा प्रवाह शरीरातून जातो. स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन मरण पावले. कार्यक्रमाआधी गिटार बाजूला ठेवून माइकची जाळी आणि अ‍ॅम्पचा सांगाडा यांच्यामध्ये मल्टीमीटर लावायला ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला जरूर सांगावे. काही व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्याशिवाय वाजवू नये. असे सांगताना संकोच करू नये.

मावसभावाच्या अ‍ॅम्पविषयी. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ वीज आहे, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. तिकडचा अ‍ॅम्प इथल्या प्लगमध्ये घातला तर नशीब असेल तर फ्यूज जाईल, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. अ‍ॅम्पच्या मागे छापलेल्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर तो फक्त पिन बदलून इथे चालेल. बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या छोट्या अ‍ॅम्पचे बहुधा असेच असते. नुसते १२० लिहिले असेल तर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो जड असतो, आणि तरीही ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झवर थोडा जास्त तापतो. शिवाय तिकडच्या खरेदीची वॉरंटी इथे लागू होईल याचा भरवसा धरता येत नाही. माझा सल्ला असा की अ‍ॅम्प इथेच घ्यावा. मावसभावाला काही आणायचेच असेल तर गिटार, चांगली केबल किंवा तारांचे संच आणू द्यावेत, कारण त्यांना घरच्या विजेशी काही कर्तव्य नसते.

घरघरीबद्दल एक गोष्ट राहिली. सिंगल कॉइलवर वाजवताना तीक्ष्ण चरचर येत असेल तर आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद करता येणारे दिवे बंद करून पाहावेत, कारण त्यांतला ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक भाग विजेची लहर कापतो आणि त्याचा उपद्रव पिकअपला होतो. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवला तरी चरचर बरीच कमी होते.

मारवा :

ट्यूब अ‍ॅम्पला वर जरा लवकर बाजूला सारले गेले, असे मला वाटते. पाच वॉटपर्यंतचे लहान ट्यूब अ‍ॅम्प मिळतात, आणि बोटांच्या जोरानुसार आवाज फाटण्याची जी सूक्ष्म प्रतिक्रिया त्यांत मिळते ती जुन्या गाण्यांतले तुकडे वाजवणाऱ्याला फार आनंद देते. गिटारचे व्हॉल्यूम मागे घेतले की आवाज स्वच्छ होतो, पुढे नेले की किंचित फाटतो, आणि पायाजवळच्या पेडलला हात लावावा लागत नाही. जास्वंदी यांनी मुंबईत एकदा तरी असा अ‍ॅम्प ऐकावा, एवढीच विनंती आहे.

षड्जपंचम :

मारवा, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि त्यांनी तो जरूर ऐकावा. मात्र पाच वॉटवरसुद्धा ती प्रतिक्रिया मिळवायला व्हॉल्यूम बराच पुढे न्यावा लागतो, आणि त्या वाजवणार आहेत रात्रीच्या जेवणानंतर. त्यामुळे असा अ‍ॅम्प आवडलाच तर त्यात ताकद कमी करण्याचा स्विच आणि हेडफोनचे आउटपुट आहे का, हे आधी पाहावे. ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकर जोडलेला नसताना तो कधीही चालू करू नये, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून स्पीकरची वायर काढून तिथे हेडफोन लावायचा प्रयत्न चुकूनही करू नये.